फिनेलने पार्वो जात नाही



पावसाळा ओसरला की जिन्याखाली, बंद दुकानांच्या फळ्यांखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यात कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. त्यातली बरीचशी दोन-तीन महिन्यांची होता होता मरतात. मग 'थंडीने गेली', 'कुणीतरी काहीबाही खायला घातलं' असं म्हणून विषय मिटतो. पुष्कळदा खरं कारण पार्वो हा विषाणूजन्य रोग असतो.

काल पायात घुटमळणारं पिल्लू आज कोपरा धरून बसतं. आधी फेसाळ, मग पिवळी उलटी. पाण्याच्या वाटीवर मान टाकून राहतं, पीत मात्र नाही. पुढे रक्ताचे पातळ जुलाब सुरू होतात आणि तो वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. विषाणू आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा दोन्हींवर घाला घालतो. पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेत सलाइन आणि औषधं मिळालेली बहुतेक वाचतात. म्हणून हळद, पपईच्या पानांचा रस, बळेच भरवलेला दहीभात यांत दिवस घालवू नका. पहिल्या उलटीलाच पशुवैद्य गाठा.

हा रोग पिढ्यान् पिढ्यांचा नाही. मांजरांना होणाऱ्या एका विषाणूच्या कुळातून, कवचातल्या मोजक्या बदलांनिशी, तो कुत्र्यांत शिरला. 1978 मध्ये अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलियात त्याची ओळख पटली, दोनेक वर्षांत त्याने जग व्यापलं आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच भारतात त्याची नोंद झाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या लेलंड कार्मायकेल आणि मॅक्स अॅपेल यांनी लसही लगोलग तयार केली. लस येऊन चार दशकं उलटली, तरी आपल्या गल्लीत पिल्लं मरतातच, याला आता आपणच जबाबदार आहोत.

पार्वो विष्ठेतून पसरतो. लक्षणं दिसण्याच्या आधीपासूनच पिल्लू तो बाहेर टाकू लागतं. मातीत तो कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो आणि चपलेला, सायकलच्या चाकाला, झाडूला, खाऊ घालणाऱ्याच्या हाताला चिकटून घरोघर जातो. उंबऱ्याबाहेर कधी न गेलेल्या पिल्लाला पार्वो होतो तो असाच. कोविडच्या विषाणूला चरबीचं आवरण होतं, म्हणून सॅनिटायझर चालायचा. याला ते आवरणच नाही. अल्कोहोल, साबण, आपलं लाडकं फिनेल, कशालाच तो भरवशाने दाद देत नाही. त्याच्यावर चालतं ते ब्लीच. आधी घाण पूर्ण उचला, जागा धुऊन काढा. मग पाच टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ओता आणि किमान दहा मिनिटं तसंच राहू द्या. त्यात अॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू होतो.

'आमच्याला इंजेक्शन दिलंय' असं सांगणाऱ्यांनी कार्ड काढून पाहावं. पुष्कळदा ते रेबीजचं असतं. भटक्या कुत्र्यांना नसबंदीच्या वेळी पालिकेकडून मिळते तीही रेबीजचीच लस. पार्वोची लस वेगळी असते आणि पिल्लाला ती एकदा देऊन भागत नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे. पुढचा बूस्टर पशुवैद्य सांगतील. सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा अनोळखी कुत्र्यांत सोडू नका. महिन्याभराचं पिल्लू विकायला काढणाऱ्याकडून ते घेऊच नका. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकण्यास 2017 च्या नियमांनी मनाई आहे.

पार्वोने पिल्लू गेलेल्या घरात नवं पिल्लू आणायची घाई होते. मन रमवायला म्हणून आणलं जातं आणि आठवड्यात तेही आजारी पडतं. आणायचंच असेल तर डोस पूर्ण झालेलं, मोठं कुत्रं आणा.

कुत्र्यांचा पार्वो माणसाला होत नाही. तेव्हा भीतीपोटी पिल्लं पोत्यात भरून दुसऱ्या वस्तीत सोडण्याचा उद्योग कृपया कुणी करू नये. तो बेकायदा तर आहेच, शिवाय त्याने रोग आणखी एका वस्तीत पोहोचतो.

प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक गणेश मंडळाने यंदा आपल्या आवारातल्या पिल्लांच्या लसीसाठी वर्गणी काढावी. आजारी पिल्लाजवळ एकाच माणसाने जावं, त्याच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात आणि त्याने त्या दिवशी दुसऱ्या पिल्लांना हात लावू नये. आपल्या जिन्याखाली पिल्लं असतील, तर या रविवारीच जवळच्या पशुवैद्याकडे पहिल्या डोसची चौकशी करा.

आपले,
परिसरातील प्राणीमित्र रहिवासी