अंतर्गळ : लपवलेली गाठ

काही वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरून साठीच्या एका बाबांना रात्री जीपमध्ये घालून माझ्याकडे आणले. सकाळपासून उलट्या, पोट फुगलेले आणि उजव्या जांघेत दगडासारखी कडक गाठ. वाडीवर कोणीतरी तेल लावून ती आत ढकलायचा प्रयत्नही केला होता. गाठ किती दिवसांची, असे विचारल्यावर बाबा म्हणाले, "अकरा वर्सं झाली असतील." सोबतचा मुलगा बापाकडे बघतच राहिला. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना तसेच पुढे पाठवले. काळा पडलेला आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला. बाबा वाचले.

अंतर्गळ, म्हणजे आता आपण सगळे ज्याला हर्निया म्हणतो तो, मुळात आतड्याचा रोग नव्हे. दोष पोटाच्या भिंतीत असतो. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते, तसेच हे. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला कुंथावे लागणे आणि डोक्यावरचे ओझे यांनी ती चीर रुंदावते. आपल्याकडे भाताचे भारे, लाकडाच्या मोळ्या आणि विडी यांपैकी कशाचीच वाण नाही.

पुरुषांत बहुतेक वेळा तो जांघेत होतो व पुढे अंडकोशात उतरतो. अंडवृद्धी, म्हणजे अंडकोशात पाणी साठणे, हा वेगळा विकार. पण रुग्ण दोन्हींना एकच समजतात. पूर्वीच्या ऑपरेशनच्या टाक्यांतूनही हर्निया होतो, सिझेरियन झालेल्या बायकांनी हे लक्षात ठेवावे. तान्ह्या मुलाच्या बेंबीचा फुगा बहुधा तीन-चार वर्षांत आपोआप बसतो; त्यावर नाणे बांधू नये, कातडी चिघळते. मात्र तान्ह्या मुलाच्या जांघेत फुगा दिसला तर थांबू नये, ऑपरेशनच करावे लागते.

बायकांत मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया लहान असतो आणि चटकन अडकतो. एका आजींना मी दोन दिवस उलटीची औषधे देत राहिलो. पोट तपासले, पण लुगडे बाजूला सारून जांघ पाहिली नाही. संकोच त्यांचा होता तसा माझाही होता. चूक मात्र माझी एकट्याची.

पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही. गाठ तात्पुरती दबते इतकेच. आज चिरेच्या जागी जाळी बसवतात. तिच्या किमतीला माणसे बिचकतात, म्हणून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचे येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांचे नाव मुद्दाम सांगतो. त्यांनी मच्छरदाणीचे कापड नीट निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि २००३ मध्ये इतर शल्यचिकित्सकांसह त्याचे निष्कर्ष शल्यविद्येच्या भारतीय नियतकालिकात मांडले. पुढे युगांडात अशी स्वस्त जाळी आणि महागडी जाळी यांची रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोन्हींत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. खेड्यातल्या सर्जनचे डोके असे चालते! अर्थात हे काम शल्यगृहातले आहे, घरच्या मच्छरदाणीचे नव्हे.

गाठ दुखत नसेल, आडवे झाल्यावर आत जात असेल, तर पुरुषांनी काही काळ थांबून लक्ष ठेवले तरी चालते, असे शास्त्र सांगते. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला मीही तसे सांगेन. वाडीवरच्या माणसाला सांगणार नाही. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, तळिये आणि केवनाळे येथे दरडी कोसळल्या, रस्ते बंद झाले. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की हातात काही तासच असतात; रस्ता मोकळा होईपर्यंत ते थांबत नाही.

म्हणून आमच्या शेतकऱ्यांना मी म्हणतो, भात झोडून घरात आले की दिवाळीनंतर या. खोकला असेल तर आधी तो आवरू. ऑपरेशननंतर बहुतेक जण थोड्याच दिवसांत हिंडूफिरू लागतात; जड ओझे कधी उचलायचे ते सर्जनला विचारावे. शिमग्याला पालखी नाचवायची असेल तर तेही आधीच विचारून घ्या. तपासणीला दोन मिनिटे लागतात. उभे राहून खोकायचे, एवढेच.