पडद्यावर दिसले म्हणजे काम झाले काय?

मोबाईल अ‍ॅप बनवून देण्याचा धंदा आता मोठ्या शहरांतील काचेच्या इमारतींपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा दुकानाच्या माळ्यावर दोन संगणक मांडून, दोन-तीन मुले हाताशी घेऊन हे काम करणारे तरुण दिसतात. भांडवल थोडे, जागा त्याहून थोडी, पण हातात हुन्नर आहे. हे शक्य होण्याची कारणे अनेक आहेत. त्यातील एका कारणाविषयी मात्र व्यापारी मंडळींत कधीच बोलले जात नाही, कारण ते ग्राहकाला दिसत असले तरी उमगत नाही. ते कारण म्हणजे हॉट रिलोड. अ‍ॅप फोनवर चालू असताना संगणकावर त्याची आज्ञावली बदलायची, फाईल सेव्ह करायची आणि पापणी लवते न लवते तोच तो बदल चालू अ‍ॅपमध्ये उतरलेला पाहायचा, अशी ही सोय आहे.

या सोयीने लहान कारागिराला मोठ्या कंपनीच्या पंक्तीला बसविले, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. आमची तक्रार वेगळीच आहे. या सोयीमुळे धंद्यात दोन चुकीच्या सवयी शिरल्या आहेत. एक, डोळ्यांना दिसले म्हणजे काम झाले असे मानणे. दुसरी, काम झटपट दिसते म्हणून त्याचे दामही झटपट कमी करणे.

पूर्वी काय होत असे ते आधी पाहू. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये एका बटणाचा रंग बदलायचा झाला तरी आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचे, सगळ्याचे एक गाठोडे बांधायचे, ते फोनवर चढवायचे, अ‍ॅप सुरू करायचे, लॉगिन करायचे आणि चार पाने ओलांडून त्या बटणापर्यंत पोहोचायचे. रंग पसंत पडला नाही तर पुन्हा तोच फेरा. समजा एका फेऱ्याला २ मिनिटे लागतात आणि दिवसातून ५० वेळा बदल पाहावा लागतो. म्हणजे रोजची १०० मिनिटे केवळ वाट पाहण्यात गेली. महिन्याचे २५ दिवस धरले तर ४१ तासांहून अधिक! पगार देणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

यंत्रमागावर धागा तुटला तर कारागीर काय करतो? माग थांबवतो, धागा सांधतो आणि पुन्हा चालू करतो. एका धाग्यासाठी कोणी बीम उतरवून नव्याने भरायला घेत नाही. अ‍ॅप बनविणारे मात्र वर्षानुवर्षे प्रत्येक धाग्याला बीम उतरवीत होते. हॉट रिलोडने त्यांना गाठ मारायला शिकविले.

ही कल्पना नवीन आहे असे मात्र कोणी समजू नये. लिस्प आणि स्मॉलटॉक या संगणकीय भाषांत चालू प्रोग्रॅममध्येच बदल करण्याची सोय १९७० च्या दशकातच होती. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्लँग ही भाषा आकाराला आली. टेलिफोन एक्स्चेंज बंद न पाडता, लोकांची संभाषणे न तोडता त्याची आज्ञावली बदलता यावी, ही तिच्यामागची एक मोठी गरज होती. मोबाईलच्या धंद्यात ही सोय खऱ्या अर्थाने आणली ती फेसबुकच्या रिअ‍ॅक्ट नेटिव्हने. हे साधन मार्च २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. सुरुवातीला त्यात लाइव्ह रिलोड होते. फाईल सेव्ह केली की संपूर्ण जावास्क्रिप्ट नव्याने भरली जाई आणि अ‍ॅप पुन्हा पहिल्या पानावर येई. मार्च २०१६ च्या ०.२२ आवृत्तीत हॉट रिलोड आले. त्यात बदललेला भाग तेवढा बदलतो आणि तुम्ही ज्या पानावर आहात तेथेच राहता. ते प्रारंभी बरेच बेभरवशाचे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये, ०.६१ आवृत्तीत, दोन्ही सोयी एकत्र करून फास्ट रिफ्रेश आणण्यात आले, तेव्हा कोठे लोकांचा विश्वास बसला.

गुगलनेही अँड्रॉइड स्टुडिओत २०१६ साली इन्स्टंट रन नावाचा प्रयोग केला होता. तो इतका दगा देई की अनेक जण तो बंद करूनच काम करीत. अखेर २०१९ मध्ये गुगलने तो काढून टाकला आणि अप्लाय चेंजेस ही वेगळी व्यवस्था आणली. त्याच गुगलच्या फ्लटरने मात्र बाजी मारली. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली. हॉट रिलोड हेच त्याचे मोठे आकर्षण होते.

आता हे चालते कसे, ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढील सगळे दुखणे त्यातच आहे. फ्लटरचे अ‍ॅप दोन रूपांत चालते. काम करताना डीबग रूप असते. त्यात डार्ट भाषेचे एक छोटे यंत्र फोनमध्येच जागे असते आणि ते आज्ञावलीचे रूपांतर चालता चालता करते. तुम्ही फाईल सेव्ह केली की बदललेला मजकूर त्या यंत्राकडे जातो, जुन्या व्याख्यांच्या जागी नव्या बसतात आणि पडदा पुन्हा रंगविला जातो. स्मृतीत साठलेली माहिती, म्हणजे तुम्ही भरलेला फॉर्म, आलेली यादी, झालेले लॉगिन, जसेच्या तसे राहते. ग्राहकाला द्यायचे ते रिलीज रूप. त्यात सगळे रूपांतर आधीच झालेले असते आणि चालता चालता बदलण्याचे यंत्र त्यात नसतेच. आयफोनवर तर सर्वसाधारण अ‍ॅपला नवे यंत्रसंकेत जागच्या जागी तयार करण्याची मुभाही नसते.

म्हणजेच कारागीर दिवसभर ज्या अ‍ॅपकडे पाहतो, ते अ‍ॅप ग्राहकाला मिळतच नाही. मिळते ते त्याचे भावंड.

आमच्या भाच्याच्या कार्यालयातील एक प्रसंग सांगतो. एका कापड व्यापाऱ्यासाठी ऑर्डर घेण्याचे अ‍ॅप तयार होत होते. सोमवारी सकाळी द्यायचे ठरले होते. रविवारी रात्री अकरा वाजता मुलाने शेवटची साफसफाई म्हणून निरुपयोगी वाटणाऱ्या दोन ओळी काढून टाकल्या. फाईल सेव्ह झाली, पडदा हलला, मालाची यादी जागेवर दिसली. सगळे ठीक आहे असे समजून त्याने अ‍ॅपची अंतिम फाईल बनविली आणि तो घरी गेला. सोमवारी शेठनी आपल्या माणसांसमोर अ‍ॅप उघडले तर पान कोरे. यादी नाही, माल नाही, काही नाही. भाच्याने मला फोन करून एवढेच सांगितले, "मामू, आमच्या फोनवर तर सगळं दिसत होतं."

झाले काय होते? काढलेल्या दोन ओळी पान प्रथम उघडताना सर्व्हरवरून यादी मागविणाऱ्या होत्या. फ्लटरमध्ये ही जागा असते इनिटस्टेट. हॉट रिलोड केल्यावर हा भाग पुन्हा चालत नाही. अ‍ॅप जेथून सुरू होते ते मेन फंक्शनदेखील पुन्हा चालत नाही. मुलाच्या फोनमध्ये यादी अकराच्या आधीच येऊन बसलेली होती. ओळी गेल्या तरी यादी स्मृतीत राहिली आणि पडद्यावर दिसत राहिली. मुलगा खोटे बोलत नव्हता, फोनही खोटे बोलत नव्हता. पण दिसत होते ते जुन्या आज्ञावलीने आणलेले धन होते. अ‍ॅप एकदा बंद करून पुन्हा उघडले असते तर दोष तेथेच सापडला असता. त्याला एक मिनिटसुद्धा लागले नसते.

याहून गमतीचा सापळा दुसरा आहे. फ्लटरचा नवा प्रकल्प सुरू केला की डीबग रूपाला इंटरनेट वापरण्याची परवानगी आपोआप मिळालेली असते. ही परवानगी का दिलेली असते? संगणकाला फोनमधील अ‍ॅपशी बोलता यावे, म्हणजे हॉट रिलोड करता यावे, यासाठी! अँड्रॉइडच्या मुख्य परवानापत्रकात ती आपल्या हाताने लिहावी लागते. नवशिका ते विसरतो. महिनाभर त्याचे अ‍ॅप सर्व्हरशी सुरळीत बोलते आणि रिलीज रूप ग्राहकाच्या फोनवर जाताच मुके होते. ज्या सोयीसाठी परवानगी दिली, तीच सोय परवानगी नसल्याचे झाकून ठेवते. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्येही याचे भावंड आहे. डीबग फाईल ग्राहकाला पाठविली तर ती आपली जावास्क्रिप्ट कारागिराच्या संगणकावर शोधू लागते. ती सापडत नाही आणि शेठच्या फोनवर लाल पडदा येतो.

हे दोष सोयीचे आहेत असे आम्ही मानत नाही. फ्लटरच्या कागदपत्रांत काय पुन्हा चालते आणि काय चालत नाही हे स्पष्ट लिहिलेले आहे. कोटलिन किंवा स्विफ्टमधील भाग बदलला तर अ‍ॅप पूर्ण नव्याने बांधावे लागते, हेही त्यात आहे. दोष तालमीचा आहे. पूर्वीचा कारागीर संथ होता, पण प्रत्येक बदलाबरोबर त्याचे अ‍ॅप पहिल्या पानापासून उघडले जाई. दिवसातून ५० वेळा त्याची ती परीक्षा नकळत होत असे. आजच्या मुलाची ती होत नाही. वेग मिळाला, पण त्याबरोबर ही फुकटची तपासणी गेली. तिच्या जागी दुसरी तपासणी मुद्दाम आणावी लागते, हे शिकविणाऱ्यांनीच सांगितले पाहिजे. जे क्लासवाले पहिल्या दिवशी रंग बदलून दाखवून मुलांच्या टाळ्या घेतात, त्यांनी त्याच दिवशी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायलाही लावावे. आता तर आज्ञावलीच्या ओळीसुद्धा यंत्राकडून लिहून घेतल्या जातात. न लिहिलेल्या ओळी आणि न तपासलेले अ‍ॅप या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की हिशेब कोणाकडे मागायचा?

आता दुसऱ्या सवयीकडे वळू. ग्राहक शेजारी बसला आहे, तो म्हणतो हे अक्षर मोठे करा, ते मोठे होते. म्हणतो हे बटण खाली घ्या, ते खाली येते. शिंप्याकडे कच्ची शिलाई अंगावर घालून पाहावी तसे हे आहे आणि ते चांगलेच आहे. कागदावरच्या आराखड्यावर महिनाभर वाद घालण्यापेक्षा अर्ध्या तासात फैसला होतो. परंतु बिल पुढे आले की तोच ग्राहक म्हणतो, "भाई, हे तर एका मिनिटाचं काम होतं, माझ्या समोरच केलंत. मग एवढे पैसे कशाचे?" याला उत्तर नसल्यामुळे कारागीर गप्प बसतो आणि रक्कम कमी करतो. असे दहा ग्राहक झाले की वाचलेले ४१ तास त्यांच्याच खिशात गेलेले असतात.

आमच्या मते बदल मोजून पैसे घेण्याची पद्धतच चूक आहे. बदल मोजले तर प्रत्येक बदलाची किंमत मिनिटाएवढी दिसणारच. बैठका मोजाव्यात. करारात आधीच लिहावे की समोर बसून बदल करण्याच्या इतक्या बैठका या रकमेत आहेत, त्यापुढील प्रत्येक बैठकीचे इतके. आणि बैठकीत झालेला बदल हा नमुना आहे, तपासणी होऊन तो अंतिम अ‍ॅपमध्ये येण्यास इतके दिवस लागतील, हेही त्याच कागदावर असावे. काही मंडळी ग्राहकाला हॉट रिलोड दाखवूच नये असे सांगतात. आम्हाला ते पटत नाही. लपवाछपवी करून मिळविलेला भाव टिकत नाही, आणि ग्राहकाने स्वतः पसंत केलेले पान तो नंतर नाकारीत नाही, हा फायदा मोठा आहे.

ग्राहकाचा आणखी एक प्रश्न असतो: तुमच्या कार्यालयात क्षणात बदलते, मग माझ्या फोनवर का नाही? रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये हे काही अंशी करता येते. मायक्रोसॉफ्टची कोडपुश सेवा त्यासाठी बरीच वापरली जाई. ती ज्या अ‍ॅप सेंटरचा भाग होती, ते ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाले. एक्स्पोची अपडेट सेवा हे काम आजही करते. पण ते जावास्क्रिप्टपुरतेच, आणि अ‍ॅपलच्या अटी सांभाळून. अशा मार्गाने अ‍ॅपचे मूळ काम बदलणे त्या अटींत बसत नाही. मार्च २०१७ मध्ये अ‍ॅपलने अशा काही साधनांच्या वापरकर्त्यांना ताकीद दिली होती. तेव्हा ग्राहकाला भलते वचन देऊ नये.

काटकसरीविषयी एक शब्द. ज्यांच्या संगणकाला ८ जीबी मेमरी आहे त्यांनी संगणकावर खोटा फोन चालविण्याचा हट्ट धरू नये. संगणक गुदमरतो आणि हॉट रिलोडचा सारा वेग त्यातच जिरतो. खरा अँड्रॉइड फोन केबलने जोडावा. त्याच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकविले की कारागिरासाठीचे पर्याय खुले होतात, त्यातून यूएसबी डीबगिंग चालू करावे. अँड्रॉइड ११ पासून हे काम केबलशिवाय वाय-फायवरही होते.

भाच्याच्या कार्यालयात त्या सोमवारनंतर एक जुना, स्वस्तातला फोन वेगळा ठेवलेला आहे. त्याला केबल जोडायची नाही असा नियम आहे. रोज संध्याकाळी सहा वाजता रिलीज फाईल त्याच्यावर चढवतात, जुने अ‍ॅप काढून नवे टाकतात, लॉगिनपासून सुरुवात करतात. एकदा इंटरनेट बंद करून पाहतात, एकदा चालू करून. हे काम ज्याने ती ओळ लिहिली त्याला देत नाहीत, दुसऱ्याला देतात. कापडवाल्या शेठचे दुसरे काम गेल्या महिन्यात त्यांच्याकडेच आले आहे. बैठका चार ठरल्या आहेत.