पिलांच्या आधी खुराडे

सुधारलेल्या जातीच्या कोंबड्यांची पिले आणून परसात वाढविण्याची हौस अलीकडे आमच्या शेतकरी बंधूंत बरीच वाढली आहे, व ती स्तुत्यच आहे. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज अथवा हैदराबादेस तयार झालेली वनराज या जाती गावठी कोंबडीहून अंडी अधिक देतात व वजनासही चांगल्या भरतात. परंतु पिलांसाठी रोख पैसे मोजणारा गृहस्थ त्यांच्या निवाऱ्यासाठी हात आखडता घेतो, असे आम्हांस गावोगाव आढळते. पिले येतात, पंधरा दिवसांत निम्मीशिम्मी नाहीशी होतात, आणि दोष मात्र त्या जातीस किंवा घरच्या बाईच्या हयगयीस लावला जातो. आमच्या मते हा दोष घरधन्याचा आहे.

कोंबड्या हे बायकांचे काम, असे म्हणून तो मोकळा होतो. बैलांच्या गोठ्यास पक्की भिंत, कडब्यास माचाण, आणि कोंबड्यांस मात्र फुटके पिंप किंवा जुने डालगे! ज्या अंड्यांच्या पैशावर मुलांच्या वह्या आणि आठवड्याच्या बाजारातील तेलमीठ निघते, त्यांच्या रक्षणाकरिता चार वासे व एक जाळीचे बंडल मागताना त्या माउलीस दहा वेळा तोंड वेंगाडावे लागते. आमची हयात महसुली कारकुनीत गेली. अतिवृष्टीने पीक बुडाले तर पंचनामा होतो; मुंगसाने नेलेल्या पिलाचा पंचनामा आम्ही कधी लिहिला नाही व कोणी लिहिल्याचे ऐकिवातही नाही. ते नुकसान मुकाट्याने सोसणारी ती एकटीच असते.

डालग्यावर पूर्वी भागत असे हे खरे. पण ते का भागत असे याचा विचार कोणी करीत नाही. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून दहाबारा पिले निघत. त्यांस ऊब आईच्या पंखाखाली मिळे, आणि घारीची सावली पडताच तिच्या एका हाकेसरशी ती लपत. यंत्रातून निघालेल्या पिलाने आईचे तोंडही पाहिलेले नसते. तिचे दोन्ही धर्म, ऊब देण्याचा व राखण करण्याचा, खुराड्यानेच पाळावयाचे आहेत.

पैकी उबेची व्यवस्था सोपी आहे. पत्र्याचे अथवा जाड पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. ते गोलच हवे, कारण कोपरा असला की पिले तेथे एकावर एक चढून गुदमरतात. खाली दोन इंच भाताचे तूस घालून पहिले दोनतीन दिवस त्यावर कागद अंथरावा. शंभर पिलांस २०० वॅटचे जुन्या धर्तीचे तारेचे दिवे पुरतात. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे लक्षात ठेवावे. वीज गेल्यास कोळशाची शेगडी ठेवता येते, मात्र धुरास वाट हवी.

खरी गफलत होते ती जाळीत. बाजारात कोंबडी-जाळी या नावाने मिळणारी षटकोनी घरांची पातळ जाळी कोंबड्यांस आत ठेवते. शत्रूस बाहेर ठेवीत नाही. तिच्यातून उंदीर सुखेनैव शिरतो, लहान साप जातो, आणि भुकेले कुत्रे ती दातांनी फाडते. म्हणून जमिनीपासून निदान तीन फूट अर्धा इंच घरांची जोड दिलेली जाड जाळी लावावी. वर पातळ चालेल. मुंगूस व घूस उकरून येतात. त्यांकरिता जोत्यावर कोबा करणे उत्तम. ते न साधल्यास जाळीचा तळ एक फूट जमिनीत पुरून पुढे बाहेरच्या अंगास एक फूट वळवावा. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशीच उकरतो व जाळीवर अडतो. दारास नुसती कडी न ठेवता कोयंड्यात खुंटी घालावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत घुसत नाही. आणि छपराच्या वळचणी दोनतीन फूट पुढे काढाव्या. पिलू चार आठवड्यांचे होईतो अर्धा चौरस फूट व मोठ्या कोंबडीस दोन चौरस फूट जागा धरावी.

कित्येक म्हणतात, एवढी खटपट करण्यापेक्षा सापळा लावून मुंगसाचाच निकाल लावावा. हे बेकायदेशीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मुंगसास संरक्षण आहे. शिवाय शेतातील उंदीर तोच मारतो. दुसरा पक्ष म्हणतो, मोकळी फिरणारी कोंबडीच निरोगी. मोठ्या कोंबडीपुरते आम्हांसही हे मान्य आहे. तिने दिवसा शिवारात अवश्य चरावे. पण आठ आठवड्यांच्या आतील पिलू कुंपणाबाहेर सोडू नये. अंगणातील त्याच्या कुंपणास वरूनही जाळे हवे, नाहीतर घार व कावळा आहेतच. मात्र नायलॉनचे जाळे जमिनीलगत लावू नये, त्यात धामण अडकून मरते. कुंपणाचा आणखी एक लाभ असा की शेजारच्या आजारी कोंबड्या व रानपाखरे पिलांच्या दाणापाण्यास तोंड लावीत नाहीत. २००६ साली नवापुरास बर्ड फ्लू आला, तेव्हा आजाऱ्यांबरोबर धडधाकट कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या होत्या. अर्थात मानमोडीची लस जाळीने चुकत नाही. ती पहिल्या आठवड्यातच द्यावी.

पिलांची मागणी नोंदविण्यापूर्वी घरधन्याने भर दुपारी रिकाम्या खुराड्यात शिरून दार लावून घ्यावे व उकिडवे बसून बुडाशी, दाराच्या चौकटीशी व छपराच्या सांध्याशी पाहावे. जाळीवाचून जेथे उजेडाची तिरीप आत येते व अंगठा शिरतो, तेथून मुंगसाचे पिल्लू, उंदीर किंवा साप यांपैकी कोणीतरी येणारच. ती फट त्याच दिवशी बुजवावी, आणि मगच पैसे भरावे.