हीरो हवा की हिरॉईन?

‘ए, पपी घ्यायचंय. मेल घेऊ की फीमेल?’

मागे एकदा या कॉलममध्ये कुत्र्यांवर लिहिलं आणि तेव्हापासून ओळखीपाळखीच्या मंडळींनी मला परस्पर व्हेट करून टाकलंय. माझी डिग्री मास कम्युनिकेशनची, पण ऐकतो कोण? रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर सात पिल्लांचा फोटो येतो, खाली हा प्रश्न आणि त्याच्याही खाली ‘अर्जंट!’

हल्ली या प्रश्नात एक नवा ट्विस्ट आलाय. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो पग एका पोराच्या मागे मागे चालला आणि घराघरांत पग आले. मग हस्कीची लाट आली. पुण्याच्या मे महिन्यात बिचारे एसीसमोर आडवे! आता ‘देसी’ इन आहे. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ हाउंडचं नाव घेतलं आणि अनेकांना पहिल्यांदाच कळलं की आपल्याकडेही एक सॉलिड स्मार्ट शिकारी कुत्रा आहे. तसं टपाल खात्याने २००५ मध्येच त्याचं तिकीट काढलं होतं, पण पत्रं लिहितं कोण!

तर हा आपला कारवानी. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून मुधोळ हाउंड. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला नावारूपाला आणलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर तो कॅरव्हान हाउंड आहे, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड. आखूड केसांचा तो कारवानी, आणि कान-शेपटीला रेशमी झालर असलेला तो पश्मी. सांगली-सोलापूरकडे एसटीने गेलात तर खिडकीतून दिसेल. लांब मुस्काट, आत गेलेलं पोट, काटकुळे पाय. नवख्या माणसाला वाटतं, याला कुणी जेवायला घालत नाही की काय! पण तो पळायला लागला की बोलणं बंद. लॅब्रॅडॉर किंवा बीगल वासावर काम करतात, हा नजरेवर. लांबवर काहीतरी हललं की गेला. मागून तुम्ही कितीही बोंबला.

आता मेन पॉइंट. शिकारी कुत्रा घ्यायचा, तर नर घ्यायचा की मादी?

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करू. शिकार करायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. नुसतं मारणं नव्हे, तर वन्य प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारीतच येतं. म्हणजे वीकेंडला फार्महाउसवर जाऊन ‘जस्ट फॉर फन’ सशामागे कुत्रा सोडणं हा गुन्हा आहे, ससा निसटला तरी. त्यामुळे शिकारी कुत्रा हे आता त्याचं आडनाव आहे, नोकरी नाही. पण रक्तात काय आहे ते कायद्याने बदलत नाही. ते नरातही असतं आणि मादीतही.

हे मला पटलं सांगोला तालुक्यात. माझा एक आयटीवाला मित्र आणि त्याची बायको कारवानी बघायला निघाले होते, मी तिसरी सीट पकडली. मित्राचं ठरलेलं होतं. ‘मेलच. फीमेल म्हणजे नुसती कटकट.’ बायको म्हणाली, ‘कटकट म्हणजे काय ते एकदा नीट सांग ना.’ पुढचे वीस किलोमीटर गाडीत फक्त एफएम बोलत होता.

ज्यांच्याकडे गेलो ते मामा मेंढरंवाले. पासष्टीचे असतील. सात पिल्लांतली पाच गेली होती. उरलेले दोघं म्हणजे एक नर आणि एक मादी. मित्राने लगेच विचारलं, ‘मामा, शिकारीला नर चांगला ना?’

मामा हसले. ‘सायेब, आता शिकार न्हाई. मेंढरामागं फिरतंय, राखण करतंय, झालं. पण सशाला कवा कुणी इचारलं न्हाई, मागं नर लागलाय का मादी!’

मग त्यांनी त्यांच्या वडलांच्या वेळचं सांगितलं. नर ताकदीनं पळतो, मादी डोक्यानं. नर सरळ मागे सुटतो, मादी वळण कापते. हा त्यांचा अनुभव. माझ्या मते, कुठलाही शिकारी त्याच्या सगळ्यात आवडत्या कुत्र्यावरूनच असे नियम बनवतो. शेजारच्या वस्तीवर विचारलं असतं तर बरोब्बर उलटं ऐकायला मिळालं असतं. मोजता येण्यासारखा फरक एवढाच की नर सहसा एखाद-दोन इंच उंच आणि थोडा वजनदार असतो. पिल्लू म्हणून मादी बऱ्याचदा लवकर समजूतदार होते, नराचं कॉलेजलाइफ जरा लांबतं. पण नजर, दम, पाठलागाची ओढ हे सगळं येतं आई-बापाकडून. आई-बाप दोघांकडून, हे अंडरलाइन करा.

मग पूर्वी लोक नर का मागायचे? उत्तर फार रोमँटिक नाही. उत्तर आहे हजेरीपट! मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, दर वेळी सुमारे तीन आठवडे. तेव्हा तिला बाहेर काढलं तर गावातले सगळे नर मागे. गाभण राहिली तर सुमारे ६३ दिवस, पुढे पिल्लांचं दूध. ऐन हंगामात ती ‘लीव्ह’वर. नर बाराही महिने ड्यूटीवर. म्हणजे मॅटर्निटी लीव्हवरून इंटरव्ह्यूत नाक मुरडणारा एचआर आणि जुना शिकारी, दोघांचं लॉजिक एकच. आणि मजा बघा, पुढची पिढी हवी तर चांगली मादी लागतेच. त्यामुळे जाणकार शिकारी आपली सगळ्यात भारी मादी कुणाला देत नसत.

मामांच्या दारात एक कुत्री पडली होती. अंग धुळीच्या रंगाचं, डोळे आमच्यावर. या पिल्लांची आई. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एकाने हिला हौसेने नेलं होतं. पहिल्यांदा माजावर आली, सोफ्यावर डाग पडले, सोसायटीच्या गेटवर भटक्या कुत्र्यांची रांग लागली. आठव्या महिन्यात परत आणून सोडली. ‘निदान इथं आणून सोडली,’ मामा म्हणाले, ‘लोकं हायवेला सोडत्यात.’ मग म्हणाले, ‘माझ्याकडं तिच्याइतकं पळणारं कुत्रं न्हाई.’

गाडीतली ‘कटकट’ हीच होती. मित्र काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने त्या मादी पिल्लाला उचललं. पिल्लाने त्याच्या घड्याळाचा पट्टा चावायला घेतला. त्या दिवशी त्यांनी कुठलंच पिल्लू आणलं नाही. घरी जाऊन बसले, कॅलेंडर काढलं, घरमालकाशी बोलले, व्हेटला भेटले. पंधरा दिवसांनी जाऊन तीच घेऊन आले. माझ्या मते त्या पंधरा दिवसांना फुल मार्क्स.

आता तुमच्यासाठी हिशेब मांडते. कारण नरालाही फ्री पास नाही बरं का! नसबंदी न केलेला नर खांब, टायर, नवा सोफा, सगळीकडे सही करतो. आणि लांब कुठेतरी मादी माजावर आली की नाकाला बातमी लागते आणि साहेब गायब. पगसारखा कुत्रा पळून पळून किती पळणार? कारवानी डोळ्याची पापणी लवायच्या आत हायवेवर असतो. शहरातल्या नर कारवानीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उघडं राहिलेलं गेट.

मादीचं म्हणाल तर ते वर्षातले सहा आठवडे सांभाळायचे. डायपर मिळतात, पट्टा सोडायचा नाही, वॉकची वेळ बदलायची. पिल्लं नको असतील तर नसबंदी करा. म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. पण घाई नको. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हरवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या कुत्र्यांत सांध्यांच्या तक्रारी जास्त होत्या. जात वेगळी असली तरी मोठ्या अंगाच्या कुत्र्याची हाडं भरू द्यायची, हा विचार व्हेटशी बोलण्यासारखा आहे. आणखी एक. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते. ग्रेहाउंडला काही भुलीची औषधं जड जातात, हे व्हेट मंडळींना माहीत असतं. तुमचा कुत्राही त्याच ठेवणीचा आहे, हे ऑपरेशनआधी आठवणीने सांगा. हे नर-मादी दोघांनाही लागू.

‘पण मादी घेतली तर पिल्लं विकून पैसे सुटतील ना?’ असाही एक मेसेज येतो. त्यांना माझं उत्तर, मग म्युच्युअल फंड घ्या. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ मध्ये केंद्राचे नियम आले. त्यानुसार नोंदणी लागते, १८ महिन्यांच्या आत मादीला गाभण ठेवता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. वन बीएचकेतला साइड बिझनेस नाही हा.

आधीच घरात एक कुत्रं असेल तर मात्र नर-मादीचा विचार जरूर करा. दोन माद्या किंवा दोन नर एकमेकांना नडण्याची शक्यता जास्त. नर-मादी जोडीचं सहसा जमतं. फक्त नसबंदी विसरलात तर तुमचं काय होईल ते सुज्ञास सांगणे न लगे!

आणि पिल्लू बघायला जाल तेव्हा पहिल्याच मिनिटाला शेपटीखाली बघू नका. आधी आई बघा. अनोळखी माणसाला ती दचकते, अंगावर येते की लांबून शांत बघते? जमलं तर बापही बघा. मग पिल्लांपुढे दोरीला बांधलेलं फडकं ओढा. कोण धावतं, कोण धावून दुसऱ्या सेकंदाला कंटाळतं, कोण पुन्हा येतं? किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकणं ठीक आहे, पण दचकून परत वास घ्यायला कोण येतं ते बघा. यावरून मोठेपणीचं सगळं कळत नाही, पण ओळख तरी होते.

मग स्वतःकडे बघा. सकाळी नऊची कॅब आणि रात्री नऊला घरी, मध्ये कोण? आठवड्यातून दोनतीनदा कुंपण घातलेलं मोकळं मैदान मिळेल का? रस्त्यावर याला पट्ट्याशिवाय सोडायचं नाही. पट्टाही रुंद घ्या, कारण याची मान आणि डोकं जवळपास सारख्याच मापाचं, साधा पट्टा सर्रकन निसटतो. शेजारी मांजर आहे? गावी कोंबड्या आहेत? मादी आहे म्हणून ती त्यांना सोडेल, या भ्रमात राहू नका. महापालिकेचा परवाना काढा. आणि सोसायटीने ‘पेट्स नॉट अलाउड’ म्हटलं, तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रिंट हातात ठेवा.

एवढ्या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली, तर नर घ्या की मादी, मजा आहे. एखादंही ‘नाही’ आलं, तर दोन्ही नको. सध्या मित्राच्या कुत्र्याला वॉकला न्या, तीही सेवा आहे.

आणि तरीही ‘शिकारी म्हणजे नरच’ म्हणणारे काका भेटलेच, तर त्यांना सरमेची गोष्ट सांगा. ऋग्वेदात पणींनी गाई पळवून लपवल्या, तेव्हा इंद्राने त्या शोधायला कुणाला पाठवलं? सरमेला. कुत्रीला! तिने माग काढला, गाई शोधल्या आणि पणींनी फितवायचा प्रयत्न केला तरी बधली नाही. संस्कृतात कुत्र्याला ‘सारमेय’ म्हणतात ते तिच्यावरूनच. सारमेय म्हणजे सरमेचं लेकरू.

काकांचा टायगरसुद्धा!