‘सांता खरा आहे का?’

डिसेंबरमध्ये शाळेत सांताक्लॉज येऊन गेला की पहिली-दुसरीची मुले आम्हा शिक्षकांना हेच विचारतात. १८९७ साली न्यूयॉर्कच्या आठ वर्षांच्या व्हर्जिनियाने ‘द सन’ या वृत्तपत्राला हाच प्रश्न पत्राने विचारला होता. अग्रलेखातून उत्तर आले, ‘होय, आहे.’

या वयाचे मूल एका रात्रीत तो जगभर कसा फिरेल, याचा हिशेब मांडूनच विचारते. त्याला खरे सांगावे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे निकोलस नावाचे बिशप होते. ते गरिबांना गुपचूप मदत करत, अशी आख्यायिका आहे. सांताची प्रथा त्यांच्या नावावरून आली.

आपल्या घरांत हे लवकर सांगितले जाते. मग मूल वर्गात ख्रिस्ती मैत्रिणीला सर्वांदेखत म्हणते, ‘सांता-बिंता काही नसतो, तुझे पप्पाच भेट ठेवतात!’ ती रडू लागते.

म्हणून अम्मी-अब्बांनी एवढे आणखी शिकवावे : तिने विचारलेच तर खोटे बोलू नकोस, ‘तुझ्या मम्मीला विचार’ असे म्हण. ती गोष्ट तिला तिच्या घरच्यांनीच सांगायची आहे. खरे बोलणे हा अखलाक आहे, आणि कोणाचे मन न दुखावणे हाही.