तिसरी चेन उघडेपर्यंत

गेल्या रविवारी सिल्वासाच्या आमलीतल्या एका हॉलमध्ये लग्न होतं. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं, भटजींनी अंतरपाट धरणाऱ्यांकडे पाहिलं, आणि फोटोग्राफर महाशय जमिनीवर उकिडवे बसून पाठीवरून उतरवलेल्या भल्याथोरल्या सॅकची तिसरी चेन शोधत होते. पहिली चेन लॅपटॉपच्या कप्प्याची निघाली, दुसरी किरकोळ सामानाची. सत्तर-दोनशे लेन्स तिसऱ्या कप्प्यात होती. तोवर अक्षता पडल्या, हार घालून झाले, वाजंत्रीही वाजून थांबली. मग सगळ्यांना पुन्हा उभं करून हार पुन्हा घालायला लावले. अल्बममध्ये ते सुरेख दिसतील. फक्त मागे उभा असलेला नवरीचा भाऊ दुसऱ्या खेपेला घड्याळ बघत होता.

त्या फोटोग्राफर मुलाला नंतर जेवणाच्या रांगेत गाठलं. बॅगेचा विषय काढताच चेहरा उजळला. "सगळं किट बसतं, काका!" या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांतही हेच वाक्य उलटं होऊन येतं: सगळं किट बसेल अशी बॅग सुचवा. ट्रायपॉडवर लिहिलं तेव्हा काही जण रागावले होते, आज बाकीच्यांनी रागवावं. सगळं बसणारी बॅग हीच चुकीची बॅग. सामान जड असेल तर जास्तच चुकीची.

आधी आकडे बघू. लग्नंही करणाऱ्या आणि रविवारी पक्ष्यांमागेही जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचं हल्लीचं सामान घ्या. निकॉन झेड 8 ची बॉडी बॅटरी आणि कार्डासकट 910 ग्रॅम. अशा दोन, कारण एकाच बॉडीवर लग्न घ्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात जुगार खेळणं. 24-70 ची f/2.8 लेन्स 805 ग्रॅम, 70-200 ची कॉलरसकट 1440, आणि पक्ष्यांसाठी 180-600 कॉलरसकट 2140. बेरीज सहा किलो दोनशे ग्रॅम. त्यात दोन फ्लॅश, चार्जर, जादा बॅटऱ्या, पाण्याची बाटली धरली की आठाच्या आसपास. आता हे सगळं ज्यात 'बसतं' ती जाड फोमची सॅक रिकामीच अडीच किलोच्या घरात जाते. म्हणजे नुसता फोम, कापड, बकलं आणि चेना मिळून 180-600 पेक्षा जड. आणखी एक सहाशेची लेन्स उगाच पाठीवर टाकून फिर, असं कुणी सांगितलं तर त्याला आपण वेड्यात काढू. तेच वजन बॅग म्हणून विकलं की वर पैसे देतो आणि पावती जपून ठेवतो.

पण वजनापेक्षा मोठा घोटाळा वेगळाच आहे. सॅक आणि साइड बॅग या दोन वस्तू दुकानात शेजारी टांगलेल्या असतात, म्हणून त्या एकाच कामाच्या दोन तऱ्हा आहेत असं लोकांना वाटतं. त्यांचे जन्म वेगवेगळ्या घरांतले आहेत.

सॅक डोंगरवाल्यांची. लोवेप्रो ज्याच्यामुळे उभी राहिली तो ग्रेग लो स्वतः गिर्यारोहक. डोंगर चढणाऱ्याला वाटेत सामान काढायचं नसतं, मुक्कामाला पोचल्यावर काढायचं असतं. तोपर्यंत ते हलू नये, टोचू नये, खांदे मोडू नयेत, एवढीच त्याची मागणी. म्हणून सॅकला कमरपट्टा असतो. तो नीट आवळला की भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर बसतो. आठ-दहा किलो दोन-तीन तास वागवायचे असतील तर याला तोड नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. आपल्याकडे मात्र कमरपट्टा लोंबत ठेवायची फॅशन आहे. दुकानदारही "हा काढून टाकता येतो" हे गुण म्हणून सांगतात. पट्टा काढल्यावर उरतं ते शाळेचं दप्तर, फक्त किंमत पाचआकडी.

साइड बॅगेची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिचे दोन्ही नामांकित नमुने बॅगतज्ज्ञांच्या डोक्यातून निघालेले नाहीत. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार जिम डोम्के याने 1970 च्या दशकात स्वतःच्या कामासाठी एक बॅग बनवली: साधा कॅनव्हास, भिंतींना जाड फोम नाही, अंगाला लगटून बसणारी, वरून उघडणारी, खांद्यावरून घसरू नये म्हणून पट्ट्यात रबराचे धागे विणलेले. दुसरा नमुना इंग्लंडातल्या बिलिंगहॅमचा. 1973 साली सुरू झालेली ही कंपनी गळ टाकून बसणाऱ्यांसाठी मासेमारीच्या पिशव्या शिवत होती. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमधले फोटोग्राफर त्याच पिशव्या कॅमेऱ्यासाठी उचलताहेत. एक बातमीवाला, एक मासेवाला. दोघांनाही उभ्या उभ्या, खाली न बघता हात आत घालायचा असतो. मासा लागला असताना कुणी पिशवी चिखलात आडवी करून तिसरी चेन शोधत नाही.

आता सांगा, लग्नाचा हॉल हा डोंगर आहे की नदीकाठ? तिथे माणूस चार-पाच तास उभा असतो, पण चालतो फारसा नाही, आणि लेन्स मात्र वीस वेळा बदलतो. तरी त्याच्या पाठीवर आपण गिर्यारोहकाचं ओझं बांधतो. उलट दुधनीला शिकाऱ्यातून उतरून काठाकाठाने मैलभर चालणारे आमचे काही ज्येष्ठ मित्र आठ किलो एका खांद्याला लटकवून जातात आणि सोमवारी मानेला पट्टा लावून बसतात. साइड बॅगेत तीन-साडेतीन किलोच्या वर काही घालू नये, असा माझा हिशेब आहे. डॉक्टरांचा वेगळा असेल तर त्यांनी कळवावा.

म्हणून जड सामानाला दोन बॅगा लागतात: एक वाहायची, एक कामाची. घरापासून जागेपर्यंत सॅक. तिच्यात घडी करून ठेवलेली पातळ, मऊ साइड बॅग. जागेवर पोचलात की एक बॉडी गळ्यात, दुसरी बॉडी किंवा एक लेन्स आणि एक फ्लॅश साइड बॅगेत. उरलेल्या सॅकपाशी मदतनीस बसवा. हॉलच्या सामानाच्या खोलीवर विसंबू नका, तिथे वरपक्षाच्या साड्यासुद्धा सुरक्षित नसतात. दोन बॅगा म्हणजे दुप्पट खर्च, ही ओरड मला ऐकू येते आहे. फोमचा नुसता आतला डबा, ज्याला दुकानात इन्सर्ट म्हणतात, तो सुटा मिळतो. तो आत बसेल अशी जाड कॅनव्हासची पिशवी बाजारातला चेन-बॅगवाला शिवून देतो. शबनमही चालेल. नुसती शबनम लावून कवी होता येतं, फोटोग्राफर व्हायला आत इन्सर्ट लागतो.

इथे मला नवसारीच्या होमाई व्यारावाला आठवतात. वापीला गाडीत बसलं की तासाभरात नवसारी येतं, तरी आपल्याकडच्या किती फोटोग्राफरांना त्या ठाऊक आहेत कोण जाणे. 1913 चा जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्यांनी दिल्ली पालथी घातली. त्यांचा स्पीड ग्राफिक कॅमेरा आजच्या बहुतेक बॉडींच्या दुपटीहून जड. त्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे, एका बाजूला एक. डझनभर होल्डर घेतले तर चोवीस फोटो, संपला विषय. काय न्यायचं आणि काय नाही, हा निवाडा घरातच व्हायचा. आज तो निवाडा नवरा-नवरी समोर उभी असताना होतो. होमाईबाईंच्या फोटोंतला नेमकेपणा त्या तुटपुंज्या होल्डरांतून आला, असं माझं ठाम मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण सोडणारही नाही.

पक्षीवाल्यांचं गणित थोडं निराळं. त्यांना सॅकच हवी, पण तिच्यात लेन्स बॉडीला जोडलेली बसली पाहिजे. खंड्याने मधुबन धरणाच्या पाण्यात सूर मारल्यावर तुम्ही टोपण काढून लेन्स लावणार असाल, तर घरी बसून माहितीपट पाहिलेला बरा. 180-600 किंवा सोनीची 200-600 या लेन्स झूम केल्यावर लांब होत नाहीत, पण मुळातच साडेएकतीस सेंटिमीटरच्या पुढे आहेत. बॉडी जोडली की चाळीसच्या घरात. त्यामुळे बॅगेच्या आतली लांबी मोजा. लिटर विचारू नका. लिटरमध्ये पाणी मोजतात, आणि बॅग कंपन्या बाहेरचे खिसेही त्यात धरतात. खोलीही बघा. उभी ग्रिप असलेली निकॉन झेड 9 सारखी बॉडी पंधरा सेंटिमीटर उंच असते, आणि बऱ्याच सुबक बॅगांची आतली खोली त्याहून कमी भरते. मग बॉडी आडवी पडते, शेजारच्या दोन लेन्सची जागा खाते, आणि चेन फुगून महिन्याभरात दात सोडते.

सॅक पाठीच्या बाजूने उघडणारी घ्या. समोरून उघडणारी सॅक चिखलात ठेवली की पाठीला टेकणारी बाजू खाली जाते आणि तोच चिखल नंतर शर्टावर येतो. पाठीकडून उघडणारीची बाहेरची बाजू जमिनीवर, पाठ कोरडी. वापीच्या फलाटावरच्या गर्दीत मागच्या माणसाला ती उघडताही येत नाही. चाकांची ट्रॉली बॅग हा विषय मी आपल्या रस्त्यांकडे पाहून सोडून देतो.

पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे, म्हणून कापडाबद्दल चार शब्द. ही माझी जुनी खाज आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. पॉलिएस्टर धाग्याचं टेक्श्चरायझिंग करण्यात सिल्वासा देशात आघाडीवर. मसाट, रखोली, नरोलीच्या कारखान्यांतून टेम्पो भरभरून तो धागा बाहेर जातो. मग तो कुठे विणला जातो, कुठे रंगतो, कुठे शिवला जातो देव जाणे, आणि टॅगवर 'मेड इन व्हिएतनाम' लिहून तीच वस्तू पंधरा हजारांना आपल्याच दारात परत येते. तुमच्या बॅगेचा धागा इथलाच आहे याचा माझ्याकडे पुरावा नाही. नाही याचाही नाही. पण धाग्याच्या गावात एक धड कॅमेरा बॅग शिवली जात नाही, हे तर उघड्या डोळ्यांनी दिसतं आहे.

धाग्याच्या गावात राहतो, तर निदान डेनियर तरी समजून घ्यावा. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 600 पेक्षा 1680 जाड, इतकंच. पाणी अडवतो तो आतल्या बाजूचा लेप. हा लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि आपल्यासारख्या दमट, उष्ण हवेत तो काही वर्षांत विरघळल्यासारखा चिकट होतो, मग पापुद्रे धरतो. जुन्या बॅगेच्या आत हात घातल्यावर बोटं चिकटतात ती त्यानेच. सेकंडहँड बॅग घेणाऱ्यांनी आधी आत नाक घालावं. आंबूस वास आला की परत ठेवावी.

राहिलं रेनकव्हर. ते सॅकचं पोट झाकतं, पाठ उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीच्या गादीतून सावकाश आत उतरतं. शिवाय सॅक उघडायची तर कव्हर काढावंच लागतं, म्हणजे नेमका पाऊस चालू असताना. दोन ऑगस्टचा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन दरवर्षी भर पावसाळ्यात येतो आणि दरवर्षी तिथे कुणीतरी कव्हराशी झटापट करताना दिसतं. माझा उपाय स्वस्त आहे: आत प्रत्येक लेन्सला जाड प्लास्टिकची पिशवी. घरी आल्यावर मात्र सगळं बाहेर. ओला फोम बंद करून ठेवला की काय उगवतं, ते बुरशीवरच्या लेखात सविस्तर सांगून झालं आहे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एकच ओळ. देशांतर्गत हातसामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी सात किलो, वरचं सामान बॅगेसकट पावणेनऊ, तेही फ्लॅश न धरता. बॅग खाली द्या म्हणाले तर जादा लिथियम बॅटऱ्या काढून जवळ ठेवाव्या लागतात, म्हणून त्या एका वेगळ्या पाकिटात हाताशी ठेवा.

बॅग घ्यायला जाताना सामान घेऊन जा. दुकानात भरा, पाठीवर घ्या, दोन जिने चढून उतरा, उभ्यानेच लेन्स बदलून बघा. दुकानदार भरू देत नसेल तर दुसरं दुकान शोधा. आणि मला पत्र लिहाल तेव्हा "कुठल्या कंपनीची घेऊ" हा प्रश्न नको. सामानाची यादी, प्रत्येक वस्तूचं वजन, सगळ्यात लांब वस्तूची सेंटिमीटरमधली लांबी, आणि गेल्या तीन कामांत बॅगेतून एकदाही बाहेर न निघालेल्या वस्तूंची नावं, एवढं कळवा. यादीशिवाय आलेल्या पत्रांना उत्तर मिळणार नाही.