रूळ दरबारचे, अक्षरं कंपनीची : कोल्हापूरच्या रेल्वेची ओळख कुणी जपायची?

शिवाजी पेठ (कोल्हापूर) : फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठेत जर्सीचा रंग म्हणजे काय चीज आहे ते कळतं. शाहू स्टेडियमवर गर्दीत तोंड दिसायच्या आधी रंग दिसतो आणि माणूस कुठल्या तालमीचा ते ठरतं. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वे कंपन्यांचंही असंच होतं. प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी, मुद्रा वेगळी, रंग वेगळा. मग आपल्या कोल्हापूरच्या रेल्वेची जर्सी कुठली, असं पेठेतल्या कुणालाही विचारून बघा. उत्तर मिळत नाही.

हा प्रश्न आत्ताच काढायचं कारण आहे. अमृत भारत स्थानक योजनेत श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसचं नाव आहे. स्टेशनचा चेहरा बदलायला घेतला की भिंतीवर 'वारसा' म्हणून एखादं धूर सोडणारं इंजिन हमखास काढलं जातं. ते कुठल्या कंपनीचं, कुठल्या गेजचं, हे सहसा कुणी विचारत नाही. कोल्हापुरात तरी ते विचारायला हवं, कारण इथली गोष्टच वेगळी आहे.

मिरज-कोल्हापूर मार्गाच्या कामाचा मुहूर्त १८८८ च्या मे महिन्यात झाला. शाहू महाराज तेव्हा चौदाव्या वर्षात होते, राज्याभिषेक अजून सहा वर्षं लांब होता. एप्रिल १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मार्गाचं नाव कोल्हापूर स्टेट रेल्वे, मालकी संस्थानची. गाड्या चालवायचं काम मात्र सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडं. सोप्या भाषेत सांगायचं तर शेत आपलं, करणारा दुसरा. कंपनीच्या नावात 'मराठा' होतं, पण ती १८८२ ची इंग्रजांची कंपनी. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. म्हणजे गूळ कोल्हापूरचा, रूळ छत्रपतींचे आणि कारभार मद्रासच्या नावानं.

ही अक्षरं नुसती शोभेची नव्हती. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर गेला की त्याचं भाडं लागायचं. तो किती दिवस अडकला, मोडला तर दुरुस्ती कुणाची, याचा सगळा हिशोब डब्याच्या अंगावर रंगवलेल्या अक्षरांवरून व्हायचा. प्रवाशासाठी ती शान होती, कारकुनासाठी खातेवही. इंग्लंडमध्ये तर १९२३ ला शंभरावर कंपन्या चार गटांत कोंबल्या, तेव्हा कुणाचा रंग राहणार यावर लोक हळहळले. मिडलँड कंपनीचा किरमिजी लाल रंग नव्या गटानं पुढं चालवला, बाकी कित्येक रंग गेले.

आपल्याकडं रंग जाताना कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही. १९४४ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे सरकारनं ताब्यात घेतली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वे आली, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे, आणि आता आपण मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूरच्या माणसानं जागचं न हलता इतके मालक बघितले. १९७१ च्या सुमाराला मीटर गेज जाऊन ब्रॉडगेज आलं आणि वाफेच्या काळातला तो एक मीटरचा रूळही गेला. म्हणून भिंतीवर मुंबईच्या ब्रॉडगेजचं दांडगं इंजिन काढलं तर ते चित्र देखणं असेल, पण आपलं नसेल.

जुन्या मालकाची एक खूण मात्र अजून रोज रात्री धावते, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा नंबर बघा : १७४११ आणि १७४१२. अशा नंबरातला दुसरा आकडा गाडी कुठल्या रेल्वेची ते सांगतो. मध्य रेल्वेचा १. ७ हा सिकंदराबादचा, दक्षिण मध्य रेल्वेचा. गाडी इकडं आली, आकडा तिकडचाच राहिला!

मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची आठवण आपोआप जपली गेली, कारण ती दगडात कोरलेली आहे. सीएसएमटीच्या फाटकावरचे सिंह आणि वाघ कुणी पुसू शकत नाही. डेक्कन क्वीन १९३० ला सुरू झाली तेव्हा तिचा एक रेक रुपेरी, त्यावर लाल पट्टी आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा, हेही नोंदलेलं आहे. कोल्हापूरच्या नशिबी दगड नव्हता, रंग होता. आणि रंग पुढच्या रंगाखाली जातो.

गगनबावड्याचा वाचक म्हणेल, आमच्याकडं रूळच नाही, तुम्ही रंगाचं काय घेऊन बसलाय? त्याचं बरोबर आहे. वैभववाडी मार्गाची वाट बघून लोक थकलेत आणि चित्रापेक्षा रूळ आधी हवा. पण चित्र तर निघणारच आहे आणि त्याचे पैसेही जाणारच आहेत. मग ते खरं काढायला जादा खर्च कुठं येतो? दरबारचं दफ्तर इथंच, कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. रंगाऱ्याला बोलावण्याआधी कुणीतरी तिथं चार दिवस बसावं. कंपनीबरोबरचा करार, पत्रव्यवहार, छापील कागदांवरची मुद्रा, जे सापडेल ते बघावं. नाहीच सापडलं तर भिंतीवर 'कोल्हापूर स्टेट रेल्वे, १८९१' एवढी अक्षरं लिहावीत. खोट्या इंजिनापेक्षा ती चालतील.

आणि दुसरं काम घराघरातलं आहे. करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत ज्यांचे आजोबा-पणजोबा रेल्वेत होते, त्यांनी जुन्या ट्रंका एकदा उघडाव्यात. पितळी बिल्ला, कोटाची बटणं, कंदील, जाड पुठ्ठ्याचं तिकीट, यांवर कंपनीची अक्षरं असायची. मोडीत घालायच्या आधी निदान फोटो काढून ठेवा.